खांद्यावरचा हात

पाहुण्यांची जीप फाट्यावर थांबली आणि थांबूनच राहिली. स्वयंपाकघराच्या जाळीच्या खिडकीतून रंगुबाईनं ते पाहिलं आणि पुरणयंत्राची दांडी फिरवायची सोडून दिली.

“वाचत्यात,” ती म्हणाली.

“काय वाचत्यात, वन्सं?” आमटी ढवळता ढवळता चांगुणेनं विचारलं.

“तुज्या लेकाचं कौतुक.”

वस्तीच्या फाट्यावर ओमनं काल संध्याकाळी फ्लेक्स लावला होता. रस्त्यानं जाणाऱ्याचा पाय थबकावा असाच होता तो. वर राणीचा मुकुट, खाली तिरंगा, मधोमध त्याची हसरी बहीण सृष्टी, आणि वीतभर अक्षरांत मजकूर: ‘इंग्लंडच्या राष्ट्रीय मतदानात हक्क बजावणाऱ्या श्रीगोंदा तालुक्याच्या पहिल्या कन्या सौ. सृष्टी आदिनाथ यांचे हार्दिक अभिनंदन! एकीचा विजय असो!’ त्याखाली शुभेच्छुक म्हणून ओमची सारी मित्रमंडळी गॉगल लावून ओळीनं उभी.

फ्लेक्सला दोन गोष्टी आडव्या आल्या होत्या. एक म्हणजे निकाल आज सकाळी लागला आणि एकीचा विजय काही झाला नाही. युरोपातले देश एका दावणीला बांधलेले, त्यातून इंग्लंडनं दावं तोडलं होतं. दुसरी गोष्ट फोटोची. साडीतला सृष्टीचा धड फोटो घरात एकच, लग्नानंतरच्या सत्यनारायणाचा. त्यात शेजारी नवरा. मत नवऱ्यानं दिलं नव्हतं, म्हणून ओमनं फ्लेक्सवाल्याला तो कापायला सांगितला. फ्लेक्सवाल्यानं आदिनाथ कापला, पण त्याचा हात सृष्टीच्या खांद्यावर तसाच राहिला. मनगटावर लग्नातलं सोनेरी घड्याळ, पाची बोटं पसरलेली, आणि त्याच्यामागं माणूसच नाही.

रंगुबाईनं रात्रीच म्हटलं होतं, ओम्या, ते मनगट बघवत न्हाई. पण फ्लेक्स बांधून झाला होता, अन् ओमला झोप आली होती.

आता त्या घड्याळाचे मालक दारात येत होते.

*

सकाळी बापाबरोबर डेअरीवर दूध घालायला गेलेला ओम चौकातून साऱ्या गावाचं म्हणणं घेऊन परतला होता. चहाच्या टपरीवर टीव्ही, टीव्हीवर लंडन, आणि लंडनवर बोलायला प्रत्येकाला तोंड. पेन्शनीतले गुरुजी म्हणाले, आपली फाळणी करून गेले, हात शिवशिवत होते, आता घरच्या घरीच करून घेतली. द्राक्षबागायतदार पौंड घसरला म्हणून कपाळाला हात लावून बसला होता, पुढच्या हंगामात माझा माल खाणार कोण, असं तो ज्याला त्याला विचारत होता. कुणीतरी म्हणालं, आपल्या नगर जिल्ह्याचं विभाजन माझा आजा ऐकत गेला, बाप ऐकत गेला, अजून उत्तरंचं दक्षिणंला जमंना अन् मुख्यालय कुठं करायचं ते ठरंना. ह्या गोऱ्यांनी एका दिवसात उरकलं. त्यांचा एखादा तलाठी हिकडं बदलीवर मिळतो का बघा.

आणि सगळं हसून झाल्यावर जो तो विचारी, बन्सीअण्णाच्या पोरीनं मत दिलं म्हणतात, खरं का?

ते ऐकायलाच सृष्टीचा बाप बन्सी दूध घालून झाल्यावरही रिकामी किटली हलवत डेअरीवर घुटमळला होता. चौसष्टीचा माणूस, बोलायला महाग. पण गेले चार दिवस तो वाट वाकडी करून माणसांना गाठत होता. ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांच्या राज्याचं काय करायचं ते माझ्या लेकीला इचारत्यात, एवढंच वाक्य. ते म्हणायचं अन् टोपी सारखी करायची.

हे मत तिला कसं मिळालं, ते ओमनं सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. पूर्वी राणीचं राज्य ज्या देशांवर होतं, तिथली माणसं इंग्लंडात राहत असली तर त्यांना मत. सृष्टी ज्या हॉस्पिटलात नर्स आहे तिथं तिच्या वॉर्डात पोर्तुगालची मारिया आहे, सृष्टीच्या कितीतरी आधी आलेली, पण तिला नाही. ते ऐकून रंगुबाई लिंबं निवडता निवडता थांबली होती. बेचाळीस साली पोलिसांच्या काठ्या खाल्लेला आजा तिनं लहानपणी पाहिला होता. त्याच्या उघड्या पाठीला ती तेल लावायची.

“म्हंजे वळ उठले आज्याच्या पाठीवर,” ती म्हणाली होती, “अन् मत मिळालं पनतीला. उशिरानं का हुईना, फिटलं म्हनायचं.”

बन्सीला मात्र एक रुखरुख होती. फोनवर त्यानं लेकीला बोट दाखवायला लावलं, तर बोटाला शाई नाही. इथं पेन्सिलीनं फुली मारतात अण्णा, सृष्टी म्हणाली. पेन्सिलीनं? बन्सी दिवसभर अस्वस्थ होता. कुनी खोडलं म्हंजे?

*

छगनराव बैठकीच्या खोलीत येऊन बसले आणि खोली लहान झाली. अकोले तालुक्यातला उंचापुरा माणूस, पांढरेधोप कपडे, बोलणं सभेतलं. सोबत त्यांची बायको आक्काबाई आणि मुलगा आदिनाथ. इंग्लंडहून परतल्यापासूनच्या दोन महिन्यांत आदिनाथचं वजन उतरलं होतं. तो कोपऱ्यातल्या खुर्चीवर टेकला आणि मोबाईलकडं बघत राहिला.

“फ्लेक्स झकास केलाय, ओमराव,” छगनराव पाणी पिऊन म्हणाले. “फक्त एक कळलं नाही. हात कुणाचा?”

ओमचे कान लाल झाले.  आक्काबाईनं पदरानं तोंड पुसलं. घड्याळ तिनं ओळखलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

रंगुबाई हे सगळं स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकत होती. बाहेर यायचं नाही, असं चांगुणेनं तिला सकाळीच विनवलं होतं. वाईट वाटून घेऊ नका वन्सं, पन त्या आक्काबाईंचं तुमाला ठाव हाय. बोलनं जुळवायला आल्यात, अन् काडी मोडलेली बाई म्होरं नको. रंगुबाईनं बरं म्हटलं होतं. हे घर ज्या लिंबोणीच्या मळ्यावर उभं राहिलं तो मळा तिनं लावलेला, तिनं शेणपाणी करून वाढवलेला. सृष्टीच्या नर्सिंगच्या फीसाठी लिंबाच्या गोण्या तिनं स्वतः टेम्पोत चढवल्या होत्या. तरी पाहुणे आले की दाराच्या आत. त्याची तिला सवय होती. कढईचा डाग जसा, घासला तरी राहतो अन् कढई काही त्यावाचून अडत नाही.

काम काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. तरी छगनराव टीव्हीकडं बघत आधी इंग्लंडच बोलले. तिकडच्या पंतप्रधानाचं आता काही खरं नाही म्हणाले. मग हळूच वळले.

आदिनाथ परत आला होता तो कायमचा. पुढच्या वर्षी जिल्हा परिषद लागणार, आणि त्यांचा गट बाईसाठी राखीव होणार अशी पक्की कुणकुण त्यांना होती. उभी राहील ती सृष्टी. इंग्लंडातून शिकून आलेली सून, हसरा चेहरा, भाषण लिहून देऊ ते वाचील. बाकीचं बघायला आदिनाथ आहे, मी आहे. पोरीनं दसऱ्याच्या आत यावं. फोनवर सांगितलं तर ती नाही म्हणाली. म्हणून हे येणं.

“आणि राहते कुठं ती?” छगनराव म्हणाले. “त्या पोर्तुगीज बाईच्या घरात, एका खोलीत. आपल्या घराण्याची सून. शोभतं का?”

चांगुणेच्या हातातला डाव थांबला. घर का सुटलं, तेही या घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. निघायच्या आधी आदिनाथनं घरमालकाला भाड्याचं घर सोडत असल्याचं परस्पर कळवलं होतं. सृष्टी रात्रपाळीवरून आली तर दाराशी तिच्या बॅगा. छप्पर काढून घेतलं की पाखरू आपसूक घरट्याकडं येईल, असा हिशेब. पाखरू शेजारच्या झाडावर जाऊन बसलं.

बन्सी टोपी गुडघ्यावर ठेवून ऐकत होता. “बघू,” तो म्हणाला. “पोरीच्या जातीला...”

चांगुणा आमटी सोडून दारापाशी येऊन भिंतीला टेकली. तिचं मन दोन्हीकडं होतं, हे रंगुबाईला कळत होतं. लेक परत येणार म्हणजे डोळ्यांपुढं येणार. अकोले लांब असलं तरी एसटीनं जाता येतं. समुद्रापार एसटी नाही.

“येऊ दे की वन्सं,” चांगुणा कुजबुजली. “निवडून आली तर गाडी येईल दाराला.”

“गाडीत कोन बसंल, ती का तो?”

चांगुणा आमटीकडं वळली.

बाहेर छगनरावांनी शेवटचा पत्ता टाकला, अगदी गोड आवाजात. ओमचं लग्न आक्काबाईच्या भावाच्या मुलीशी, संस्कृतीशी ठरलेलं. दिवाळीनंतरची तारीख. “आता इकडचं असं झालं तर तिकडं आक्काबाईला तोंड दाखवायला नको का? दोन्ही घरं एकाच दोऱ्यात ओवलीत, बन्सीराव. एक मणी निसटला की...”

ओमनं मान खाली घातली. अन् बन्सीनंही.

रंगुबाईला ती मान ओळखीची वाटली.

*

खर्ड्याच्या किल्ल्याच्या अंगाला चिंचेखाली पंच बसले होते, त्याला आता चाळीस-पंचेचाळीस पावसाळे झाले. रंगूला काडीमोड द्यायचा ठरला होता. रीत अशी की नवऱ्यानं गवताची काडी घ्यायची, पंचांदेखत मोडायची, तुकडे टाकायचे, की संसार सुटला. बाईनं मान खाली घालून बसायचं. तिचा नवरा काडी बोटांत फिरवत बसला होता. मोडीना. त्याला त्या उशिरात गोडी लागली होती. फिरवतोय, हसतोय, पंचांकडं बघतोय. मारलं तेव्हाही तो असाच हळूहळू मारायचा. रंगूनं मान वर केली, हात पुढं केला, त्याच्या बोटांतून काडी ओढली आणि मोडली.

बाईनं काडी मोडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. पंचांनी एकमेकांकडं पाहिलं. मोडली हे तर खरंच होतं.

बन्सी तेव्हा मिसरूड फुटलेला, तिला न्यायला बैलगाडी घेऊन आला होता. कासरा धरून, मान खाली घालून बसला होता, पाठ फिरवून. तो गाडीतून उतरला नाही. तिचं बोचकं तिनंच चढवलं. सगळ्या वाटेत तो गप्प होता, सीना नदीच्या पाण्यात बैल पाजताना एकदाच बोलला.

“काडी तरी त्याला मोडू द्यायची.”

एवढंच. पुढं त्यानं तिला मळा दिला, मान दिला, दर भाऊबीजेला साडी दिली. त्या वाक्याचं मात्र कधी काही केलं नाही. तिनंही त्याला विचारलं नाही. जात्यावर बसली की तिला आपोआप ओवी यायची, ती तिनं कुणाला शिकवली नाही:

*काडी मोडली पंचांत, तिचा वारा धनी झाला*
*माझ्या दारीच्या लिंबोनीला, देवा, फुलोरा किती आला.*

*

टीव्हीवर कुणी गोरी बाई रडत होती, कुणी गोरा बुवा नाचत होता. वाटाघाटीतला अवघडपणा घालवायला ओमनं आवाज वाढवला. छगनराव त्यावर बोलू लागले, आणि बोलता बोलता त्यांच्या आवडीच्या गोष्टीवर आले. जिल्हा विभाजनाच्या समितीचे ते अध्यक्ष होते, वर्षानुवर्षं. तो विषय निघाला की त्यांचा आवाज आपोआप माईकवर जाई.

“मी तर म्हणतो, इंग्लंडनं केलं ते योग्य केलं. आमच्या अकोल्याचंच बघा. भंडारदऱ्याच्या वरच्या वाडीतला माणूस नगरला एका कागदासाठी निघतो तर जाऊन येऊन दिवस मोडतो, आणि साहेब जागेवर नाही. इतकी वर्षं आम्ही सांगतोय, वेगळं होऊ द्या. म्हणतात, एकत्र राहण्यात ताकद आहे. अहो, ताकद कुणाची? जिथं आपलं कोणी ऐकत नाही, जिथं आपल्याला न विचारता आपलं ठरवतात, तिथं नुसतं नावाला राहून काय करायचं? वेगळं होणं म्हणजे भांडण नव्हे. तो हक्क आहे.”

“खरं बोललात, भाऊ.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. रंगुबाई दारात उभी होती. हाताला पुरण लागलेलं, पदर खोचलेला. ती दाराच्या आतही नव्हती आणि बाहेरही नव्हती. मग तिनं उंबरा ओलांडला. आक्काबाईनं नजर वळवली.

“आमची सृष्टी बी हेच म्हनती,” रंगुबाई म्हणाली. “तुमी म्हनला ते मला लई पटलं, म्हनून आले. मला जिल्ह्यातलं काय कळत न्हाई. पन तुमचं भाषण तिला लागू पडतंय का, ते तेवढं सांगा.”

छगनराव हसले. मुरलेल्या माणसाचं हसू. “बाई, संसार आणि जिल्हा एक नसतो.”

“न्हाई की. जिल्ह्याला सतरा येळा इचारून झालं. पोरीला एकदा बी न्हाई.”

“बाई,” बन्सी हळूच म्हणाला. थोरल्या बहिणीला तो बाई म्हणे. थांबवण्याच्या सुरातच म्हणाला होता, पण पुढं थांब म्हणाला नाही.

“ओम्या,” रंगुबाई म्हणाली, “तिची रातपाळी सुटली आसंल. लाव तिला.”

ओमनं बापाकडं पाहिलं, छगनरावांकडं पाहिलं. दिवाळीनंतरची तारीख त्याच्या चेहऱ्यावरून सरकून गेलेली रंगुबाईनं पाहिली. मग तो उठला आणि लॅपटॉप घेऊन आला.

*

पडद्यावर आधी ढगाळ आभाळ आलं, मग बसथांब्याचं छप्पर, मग सृष्टी. जाड जाकीट, गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र, डोळ्यांखाली जागरण. चांगुणेनं पडद्यावरून बोट फिरवलं, जणू केस मागं सारत होती.

सृष्टीनं एकेकाला ओळखलं. सासऱ्यांना, सासूला नमस्कार म्हणाली. आदिनाथकडं बघितलं, पण बोलली नाही. सगळे का जमलेत, हे तिला सांगावं लागलं नाही.

“हरलात म्हणे,” छगनराव म्हणाले.

“हरलो, मामा.” ती हसली. “रात्री वॉर्डात रेडिओ चालू होता. एक आजोबा आहेत, मला रोज पोरी पोरी करतात. पहाटे कळल्यावर खूश झाले. म्हणाले, आता घरी जायचं ना? मी त्यांच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधत होते. म्हटलं, आजोबा, आधी हे बघू द्या, मग जाते. तर म्हणाले, तू नाही गं, ते दुसरे, युरोपातले.” तिनं ओळखपत्र जाकिटात सारलं. “दुसरी, म्हणजे मारिया, खाटेच्या पलीकडं सलाईन बदलत होती. त्यांचंच.”

चांगुणा लॅपटॉपजवळ सरकली.

“मग?” तिनं विचारलं.

“मग काय? तिनं सलाईन नीट लावलं, आणि चादरींच्या खोलीत जाऊन रडली. मी चहा करून दिला. आपला, आलं घालून. आता घरी जाऊन झोपायचं आणि रात्री परत त्याच आजोबांना औषध द्यायचं, तिनं आणि मी.”

बन्सीनं टोपी गुडघ्यावरून उचलून डोक्यावर घातली. रंगुबाईला ते दिसलं. चौकातलं ते वाक्य म्हणताना तो टोपी सारखी करायचा, तशीच त्यानं केली.

“पोरी,” रंगुबाई लॅपटॉपपुढं वाकली, “इथं तुजं ठरवाया बसल्यात. तुला कुनी इचारलं न्हाई, म्हनून मी इचारती. तुजं मत काय?”

 सृष्टीच्या मागून एक बस येऊन थांबली, दार उघडलं. तिनं हातानं नाही अशी खूण केली. बस गेली.

“आत्या, मला यायचं नाही. नोकरी सोडायची नाही, निवडणुकीला उभं राहायचं नाही. आणि आदिनाथबरोबर राहायचं नाही.”

नवऱ्याचं नाव तोंडी घेतलेलं ऐकून आक्काबाईनं डोळे मिटले.

“बघा,” छगनराव बन्सीकडं वळले, “देशाला सांगते एकत्र राहा, आणि स्वतः घर मोडते. हे कसलं शिक्षण?”

“मामा,” सृष्टी शांतपणे म्हणाली, “घर मी मोडलं नाही. मी कामावर होते तेव्हा ते मोडलं. माझ्या बॅगा दाराबाहेर होत्या. त्या रात्री मला मारियानं आत घेतलं.”

छगनरावांनी मुलाकडं पाहिलं. बॅगांचं त्यांना ठाऊक नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून सगळ्यांनाच कळलं. आदिनाथनं पहिल्यांदाच मोबाईल खाली ठेवला.

“मला तिथं कोणी नावानं हाक मारायचं नाही,” तो म्हणाला. त्याचा आवाज फाटका होता. “गोदामात खोकी उचलायचो. हिला सगळे सिस्टर, सिस्टर. मी नुसता हिचा नवरा. मला वाटलं, घर नसलं की येईल.”

“मला सांगायचंस,” सृष्टी म्हणाली. “मी तुझ्याबरोबर रडले असते. पण तू मला सांगितलं नाहीस, घरमालकाला सांगितलंस.”

 छगनराव खाकरले, आणि जुन्या वाटेनं निघाले, कारण नवी त्यांना दिसत नव्हती. झालं गेलं सोडा म्हणाले. बापानं एक शब्द टाकला की पोर ऐकते म्हणाले. “बोला बन्सीराव. घर तुमचं, लेक तुमची. नाहीतर संस्कृतीचंही मग बघावं लागेल.”

बन्सी खुर्चीतून उठला.

उठला आणि छगनरावांकडं न जाता खोली ओलांडून गेला, रंगुबाईच्या शेजारी, लॅपटॉपसमोर. आणि तिथंच उभा राहिला. त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला.

“माजी लेक यायची न्हाई,” तो म्हणाला. “तिची बाजू हरली, मला ठाव हाय. पन हरल्याचं कळल्यावर बी, ज्यानं तिच्या मैत्रिणीला जा म्हनलं त्याचीच शुश्रूषा करून आली ती. अशी लेक मी भाषण वाचायला न्हाई द्यायचा. काय कोर्टात करायचं ते रीतसर करू. तुमचा मान हाय, जेवून जावा.”

“आणि संस्कृती?”

बन्सी बोलणार, तोच ओम बोलला. उभाही न राहता, जमिनीकडं बघत. “संस्कृतीचं संस्कृतीला इचारावं लागंल, मामा. मी इचारतो.”

टीव्हीवरचं लंडन कुणीतरी बंद केलं.

*

पाहुणे जेवले नाहीत. आदिनाथ आधीच जीपमध्ये जाऊन बसला. छगनराव मात्र चपला घालताना ओमला म्हणाले, एकीचा विजय हे तेवढं आता काढून टाका, लोक हसतात. त्यांचा आवाज माईकवरून उतरलेला होता.

आक्काबाई मागं राहिली. चांगुणेनं डब्यात चार पोळ्या घातल्या होत्या, तो तिनं घेतला. मग रंगुबाईपुढं आली. सबंध सकाळ तिनं तिच्याकडं पाहिलं नव्हतं.

“काडी तुमी सवता मोडली हुती म्हनं,” ती म्हणाली.

“व्हय.”

“माजं माहेर जामखेडचं. आमच्यात अजून सांगत्यात.” ती जायला वळली, थांबली. “पोरीला म्हनावं, थंडीचं जपून ऱ्हा.”

जीप गेली. चांगुणा पायरीवर बसून डोळे पुसत राहिली. लेक एसटीच्या वाटेवर येणार नव्हती, हे तिला आज पक्कं कळलं होतं. रंगुबाई तिच्याजवळ बसली. पूर्वी दोघी जात्यावर समोरासमोर बसायच्या, एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं पुरी करायची. रंगुबाईनं टाकली:

*लेक गेली ग दूरदेशी, तिला सागर वाट देतो*

चांगुणेनं पदर सारखा केला. मग नाक ओढून म्हणाली:

*बाप उभा ग बांधावर, साऱ्या गावाला सांगून येतो.*

आणि दोघींना हसू आलं, कारण बाप खरंच शिडी खांद्यावर घेऊन फाट्याकडं निघाला होता.

ओम त्याच्यामागं धावला. फ्लेक्स उतरवू का, विचारू लागला. एकी हरली, नावाआधीचं ‘सौ.’ राहिलं नाही, दोन्ही चुकलंय अण्णा. बन्सीनं शिडी बांबूला टेकवली.

“ऱ्हाऊ दे. तिनं मत दिलं ते खरं हाय ना? मग ऱ्हाऊ दे.”

“अन् हात?”

बन्सीच्या दुसऱ्या हातात गेल्या पोळ्याचा रंगाचा डबा होता, बैलांची शिंगं रंगवायचा, हिरवा. तळाशी घट्ट झालेला रंग त्यानं थोडं तेल घालून ढवळला आणि शिडी चढला. या वयात त्यानं चढायला नको होतं. ओमला त्यानं चढू दिलं नाही.

रंगुबाई लिंबोणीच्या बांधावरून चालत फाट्यापर्यंत आली. मोटारसायकली थांबत होत्या, बन्सीअण्णा काय करताय म्हणत होत्या.  शिंगं रंगवताना बैलाच्या डोळ्यांत रंग जाऊ नये म्हणून जसा हात जपून चालवतात, तसा तो चालवत होता. आधी घड्याळ गेलं. मग मनगट गेलं. लेकीच्या गालाला त्यानं एक थेंब लागू दिला नाही. हिरवा रंग खांद्यावर पसरत गेला आणि साडीच्या हिरव्या काठाला जाऊन मिळाला. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पोरीनं पदर नीट घेतलाय.

“बाई,” बन्सी वरूनच म्हणाला. तिच्याकडं न बघता. ब्रश हवेत थांबला होता. “सीनेच्या पाण्यात मी तवा जे बोललो...”

रंगुबाईनं कपाळावर हात धरून वर पाहिलं. ऊन फ्लेक्सवरून चकाकत होतं.

“एक बोट ऱ्हायलंय,” ती म्हणाली. “डावीकडचं.”

बन्सीनं डोळे बारीक करून पाहिलं, आणि ब्रश पुन्हा रंगात बुडवला.